रेफरन्सच्या रकान्यात कुणाचं नाव

जुलैतला बेळगावचा पाऊस कोसळत नाही, लागून राहतो. सकाळी उघडलेली छत्री रात्रीच मिटायची. अशाच एका संध्याकाळी आर.पी.डी. चौकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आईच्या रेशनकार्डाच्या प्रती काढायला मी उभी होते. ओल्या स्वेटरांचा वास, तापलेल्या मशीनचा वास, काउंटरवर कॉलेजच्या पोरांची दाटी. आत कॉम्प्युटरवर बसलेला माणूस एका मुलाचा बायोडाटा टाइप करत होता. साचा तयारच होता. नाव, पत्ता, मार्क तेवढे बदलायचे. छंद सगळ्यांचे वाचन आणि संगीत. तालुका खानापूर, बी.कॉम., फर्स्ट क्लास, असं तो मोठ्यानं म्हणत टाइप करत चालला होता. भाषांपाशी मुलगा हळूच म्हणाला, "कन्नड बोलतो मी, लिहायला तेवढं जमत नाही." "बोलतोस न्हवं? मग घालतो," म्हणून त्यानं चारही भाषा ठोकल्या. शेवटी त्यानं विचारलं, "रेफरन्सला कुणाचं नाव घालू?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला ओळखणारा कोण तरी. कंपनीतला, बँकेतला, कॉलेजचे सर, असं. नाव आणि फोन नंबर."

मुलगा थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांचं घाला."

"बाबांचं चालत नाही रे. घरच्यांचं नाही चालत." त्यात कुचेष्टा नव्हती, माणूस आपलं काम नीट करत होता. मागून कुणीतरी घाई केली, माझ्या प्रती हातात आल्या, मी पैसे दिले आणि निघाले. त्या रकान्यात पुढं काय छापलं गेलं मला माहीत नाही. पण "बाबांचं घाला" हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्याला जन्मापासून ओळखणारा, त्याच्याबद्दल सगळ्यात खात्रीनं बोलू शकणारा माणूस त्याचा बापच. आणि नेमक्या त्याच माणसाच्या शब्दाला या कागदावर किंमत नाही.

मी बेळगावातल्या वडगावची. आमच्या घरात पुढच्या खोलीत दोन माग होते आणि मागच्या खोलीत आम्ही. आप्पा साड्या विणायचे. सूत सावकाराचं, साडी सावकाराची, आमची मजुरी. यंत्रमागाच्या खटखटीत वाढलेल्या पोरांना एक सवय लागते, आम्ही सगळे जरा मोठ्यानंच बोलतो आणि आवाज थांबला की दचकतो, कारण माग थांबला म्हणजे वीज गेली किंवा सूत संपलं. मी बी.कॉम. झाले ते २००९ साली. निकालाच्या आसपासच मंगाईची यात्रा येते. यात्रेला वडगावात घर पाहुण्यांनी भरतं, आणि त्या वर्षी प्रत्येक पाहुण्यानं जेवताना तोच प्रश्न विचारला. मग पुढं काय? पुण्याला मावशी हाय न्हवं, तिकडं जा की. बी.एड. कर. बँकेच्या परीक्षा दे. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण शिकणारी मुलगी ते शिकून घरात बसलेली मुलगी हा बदल इतका झटक्यात होतो, की आदल्या महिन्यापर्यंत कौतुकानं मार्क विचारणारी माणसं आता जपून बोलायला लागतात. ते जपून बोलणंच जास्त लागायचं.

सकाळी पेपर आला की आप्पांच्या आधी मी उचलायची. "पाहिजेत"च्या छोट्या जाहिराती. टॅली येणारी मुलगी पाहिजे, अनुभवी. अकाउंटंट पाहिजे, दोन वर्षांचा अनुभव. "फ्रेशर चालेल" असं लिहिलेलं सापडलं की तिथं सेल्सचं काम निघायचं, स्वतःची गाडी हवी. २००८ च्या मंदीची झळ अजून होती. आपल्याकडच्या कितीतरी फौंड्र्या वाहनांच्या कास्टिंगवर चालतात, तिकडं गाड्या खपेनात तर इकडं भट्ट्या गार. मी टॅलीचा कोर्स केला होता, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फाइलमध्ये होतं. खडेबाजारातल्या दुकानांपासून किर्लोस्कर रोडवरच्या ऑफिसांपर्यंत ती फाइल फिरली. "नाळे बर्री", उद्या या, हे दोन शब्द मी इतक्या वेगवेगळ्या चेहऱ्यांकडून ऐकले, की त्यातलं खरं कुठलं आणि वाटेला लावण्यासाठी म्हटलेलं कुठलं ते मला आवाजावरून कळायला लागलं होतं.

मग एक दिवस उद्यमबागेतल्या, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका मशीन शॉपमधून निरोप आला. मालकांनी दोन-चार प्रश्न विचारले, एक व्हाउचर लिहायला लावलं आणि सोमवारपासून या म्हणाले.

त्या पहिल्या वर्षाचा वास मला अजून ओळखता येतो. कटिंग ऑइल आणि कूलंट, त्यात शेजारच्या फौंड्रीतल्या जळक्या वाळूचा. तो केसांत बसायचा, कपड्यांत बसायचा. अनगोळच्या रेल्वे गेटापाशी मालगाडीसाठी थांबलं की सायकलवाल्यांच्या घोळक्यात तोच वास, आणि मला बरं वाटायचं, मीही आता यांच्यातली. काम साधं होतं. डिलिव्हरी चलन, जॉबवर्कचा हिशेब, लेथवरच्या लोकांचे ओव्हरटाइम, आणि सी-फॉर्म, म्हणजे परराज्यातल्या गिऱ्हाइकानं सवलतीच्या करासाठी द्यायचा कागद. सीमा म्हणजे काय ते मला भाषणांतून जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या सी-फॉर्मनं शिकवलं. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी माल गेला की दुपारी ट्रक परत. पण बिल परराज्यातलं, सेंट्रल सेल्स टॅक्सचं, आणि गिऱ्हाइकाकडून तो फॉर्म येईपर्यंत आमचा जीव टांगणीला. कोल्हापूरच्या त्या ऑफिसातल्या माणसाशी मी फोनवर मराठीत बोलायची, शेजारच्या टेबलावरच्या बाई हुबळीच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, मालक मुंबईला हिंदीत. एकाच खोलीत. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि सी-फॉर्म जवळजवळ संपला, पण आयजीएसटीचा, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरच्या कराचा, रकाना भरताना आजही माझ्या डोळ्यांपुढं महामार्गावरचा कोगनोळीचा नाका येतो.

ती नोकरी मला माझ्या फर्स्ट क्लासवर लागली असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. त्याचा मला अभिमान होता. कुणाची ओळख नाही, वशिला नाही. मग आमच्या सावकारांच्या नातीच्या लग्नात, पंगतीत, सावकार स्वतःच कौतुकानं कुणाला तरी सांगत होते: "या पोरीला उद्यमबागेत मी लावली." उद्यमबागेतले मालक त्यांचे व्याह्यांकडून नातेवाईक. सावकारांनी फोन केला होता, कन्नडमध्ये. नम्म हुडुगी, आपली पोरगी, म्हणाले होते. मी घरी येऊन आप्पांना विचारलं. ते काहीच बोलले नाहीत, मागावरची कांडी बदलत राहिले. आईनं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी. आप्पा शहापुरात सावकारांच्या पेढीवर गेले होते. पोरीचं तेवढं बघा म्हणाले होते. आणि त्या दिवाळीला गल्लीतल्या विणकरांनी मिळून मजुरी वाढवून मागितली, तेव्हा आप्पा त्यांच्याबरोबर गेले नाहीत.

माझ्या पहिल्या पगारात तो आकडा कुठं दिसत नाही, पण तो होता.

मला राग आला होता. आप्पांचा नाही, आणि खरं म्हणजे सावकारांचाही नाही. त्यांनी चांगलंच केलं होतं, एका शब्दात एक घर वर आणलं. आपल्या भागात नोकऱ्या अशाच लागत आल्यात. कामगार भावाला आणतो, भाऊ मेव्हण्याला, फोरमन आपल्या गावच्या पोराला. मराठी-कन्नड हा वाद त्या फोनमध्ये येत नाही. वडगावच्या मराठी विणकराच्या मुलीसाठी एका कन्नड सावकारानं दुसऱ्या कन्नड मालकाकडं शब्द टाकला, असं आपल्याकडं रोज होतं आणि त्याची बातमी होत नाही. बेळगावची ही गोष्ट मला मनापासून आवडते. पण शब्द टाकून घेण्याला एक किंमत असते, आणि ती नोकरी लागणारा देत नाही, त्याच्यासाठी जो जाऊन उभा राहतो तो देतो. आणि ज्याच्या बापाला असा एकही उंबरा नाही, त्याचं काय? खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला भात करणारा माणूस कुणाच्या पेढीवर जाणार?

आता मी दुसऱ्या एका युनिटमध्ये हिशेब बघते आणि ऑफिससाठी माणूस घ्यायचा असला की मालकांबरोबर टेबलाच्या या बाजूला बसते. समोर येणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारते, आतापर्यंत काय काय केलंत? उत्तरं ऐकली की या भागात पदवीनंतरची दोन-तीन वर्षं कशी जातात ते कळतं. कुणी कर्नाटकाच्या भरतीची तयारी केलेली असते आणि कन्नडच्या सक्तीच्या पेपरापाशी अडकलेलं असतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना शाळेत कन्नड असतंच, वाचता येतं, बाजारात तर फाडफाड बोलतात, पण परीक्षेत निबंध लिहायचा म्हटलं की हात थांबतो. कुणी महाराष्ट्राच्या भरतीचे फॉर्म भरलेले असतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दिला की तिकडं अर्ज करता येतो. दोन राज्यांचे फॉर्म भरणारी ही मुलं अभ्यासाच्या पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन जगतात. एका गठ्ठ्यात कृष्णदेवराय आणि वचनकार, दुसऱ्यात पेशवाई आणि सत्यशोधक समाज. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पण निम्मा वेळ इकडं, निम्मा तिकडं, आणि समोरचा उमेदवार सगळा वेळ एकीकडंच देणारा.

काही पोरं लष्कराकडं बघत मोठी झालेली असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावात, पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरांचे बूट ऐकतच आम्ही उठलो. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते एकवीस ठेवली, त्या एका वर्षापुरती तेवीस. पदवी पुरी होईतो पोरगा एकविसाचा होतो. त्यामुळं आधी डिग्री की आधी भरती हा निर्णय बारावीतच करावा लागतो, आणि बारावीतल्या पोराला त्याचं वजन कळत नाही. बाकीचे रात्रीच्या गाड्या धरतात. पुण्याला गेलं तर भाषा आपली, खोलीभाडं परवडत नाही. बंगळूरला पगार बरा, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी उतरलं की कन्नड येतं म्हणून निदान घर शोधताना त्रास नाही. तिथं आमची बेळगावची पोरं मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सहज बोलतात म्हणून हवीहवीशी वाटतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. गावात राहणाऱ्यांसाठी उद्यमबाग, मच्छे, होनग्याची औद्योगिक वसाहत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारे कारखाने, आणि वेंगुर्ला रोडनं बाचीच्या पलीकडं महाराष्ट्रात पाऊल टाकलं की शिनोळी. पण तिथं आयटीआय केलेल्या पोराला दारातच विचारतात, मशीनचं सेटिंग येतं का, व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन, चालवलंय का. बी.ए., बी.कॉम. वाल्याला काय विचारायचं हेच त्यांना कळत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांदेखत बदलली. जून २०२३ मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली, त्यावर पुष्कळ चेष्टा झाली. पण सुरुवातीचा पगार एवढा लहान असतो की त्यातून रोजचं जाण्यायेण्याचं भाडं वजा केलं तर घरचे म्हणायचे, कशाला जातेस मग, घरी बस. नंदगडची, खानापूरची, कित्तूरकडची मुलगी आता बेळगावच्या दवाखान्यात, शोरूममध्ये, आमच्यासारख्या ऑफिसात येते, कारण हातात आलेला पगार हातात राहतो. युवानिधीही त्यानंतर आला, नोकरी नसलेल्या पदवीधराला महिन्याला ३००० आणि डिप्लोमावाल्याला १५०० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. पैसे उपयोगी पडतात, त्यात शंका नाही. फक्त त्यासाठी आपल्याला अजून काम मिळालेलं नाही हे स्वतःच जाहीर करत राहावं लागतं. एका मुलीनं मला सांगितलं की ते जाहीर करायचं ऑनलाइन बटण दाबायच्या दिवशी ती घरात कुणाशी बोलत नाही. मी तिला काही समजावलं नाही. काय समजावणार?

आमचे मालक माणूस म्हणून फार चांगले. पण बायोडाटा हातात घेतला की पहिलं पान उलटून थेट शेवटी जातात. तिथं ओळखीचं नाव दिसलं तर फोन, नाही तर कागद खालच्या ट्रेमध्ये. त्यांची अडचण मला समजते. कॅश, चेक, जीएसटीचे पासवर्ड नवख्याच्या हातात द्यायचे तर विश्वास कशावर ठेवायचा? मार्कशीटवरून प्रामाणिकपणा कळत नाही. त्या झेरॉक्सच्या दुकानातून आल्यावर मी बरेच दिवस हाच विचार करत होते, की मीच का नाही माझं नाव दिलं? पण मी त्या पोराला ओळखत नव्हते. न ओळखता दिलेलं नाव खोटंच. आणि सावकारासारखं ओळखून दिलेलं नाव फुकट नसतं. त्या रकान्यात खरं नाव यायचं तर त्या मुलानं कुणाच्या तरी डोळ्यांसमोर काम केलेलं असायला हवं. म्हणजे आधी काम हवं. आणि काम मिळायला ते नाव हवं.

या कोंडीतून जाणारी एक वाट कायद्यातच आहे आणि आमच्या गल्लीत ती कुणाला ठाऊक नव्हती. अप्रेंटिसशिप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आयटीआयचा निळा शर्ट येतो. पण केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत साधे पदवीधरही येतात, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळे. एक वर्षाचा करार, २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं, किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. वर्ष पुरं केल्यावर प्रमाणपत्र. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीसवाल्यांना ऐच्छिक. आणि उद्यमबागेतली कितीतरी युनिटं या ऐच्छिकमध्ये बसतात, आमचंही. ऐच्छिक म्हणजे कुणी घेत नाही. पोर्टलवर नोंदणी कोण करणार, कागदं कोण सांभाळणार, उद्या तो पोरगा कायम करा म्हणाला तर? हे सगळे प्रश्न मालकांनी मला विचारले. कायम करायचं बंधन नाही, कागदं मी सांभाळते, असं मी म्हणाले. विद्यावेतनाचे पैसे थोडे आहेत हे मला कळतं. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याला ते पुरत नाहीत. पण त्या वर्षाअखेरीस त्या मुलाच्या बापाला कुणाच्या पेढीवर जावं लागत नाही, आणि पुढच्या बायोडाट्याच्या शेवटी मी माझं नाव आणि नंबर खुशाल लिहू देते. फोन आला तर मी खरं तेच सांगेन. मुलगा वेळेवर येतो, टॅली चांगलं येतं, बँकेच्या मेळात एक पैसा चुकला तरी घरी जात नाही.

मालक तयार झाले. आतापर्यंत आमच्याकडं जे अप्रेंटिस आले त्यातली एक मुलगी कित्तूरकडची, घरी कन्नड, मराठी इथं येऊन शिकली. ती आता हुबळीला एका ऑडिटरकडं आहे आणि त्या ऑडिटरांनी तिला घ्यायच्या आधी मला फोन केला होता. दुसरा मुलगा वर्ष पुरं व्हायच्या आधीच पुण्याला गेला, चांगल्या पगारावर. मालक तेव्हा रागावले. म्हणाले, शिकवायचं आपण आणि न्यायचं दुसऱ्यानं. मला तो गेल्याचं वाईट वाटलं, कारण प्रमाणपत्राला दोनच महिने राहिले होते, पण त्याच्या घरची गरज मला माहीत होती.

यंदा मालकांनी एका जागेला होकार दिलाय. मी दोन मागितल्यात, एक हिशेबाला आणि एक स्टोअरला, कारण स्टोअरची वही अजून हातानंच चाललीय आणि ती कॉम्प्युटरवर घ्यायला कुणीतरी लागणारच आहे. बुधवारी त्यांच्यासमोर पुन्हा तो विषय काढणार आहे. ट्रेमधल्या खालच्या बायोडाट्यांतून शेवटचा रकाना कोरा असलेले मी वेगळे काढून ठेवलेत.